न वाजणारं पाऊल

लेकीच्या बॅले क्लासबाहेर पायरीवर बसून तिच्या बाई तिचे नवे बूट दगडावर आपटत होत्या, धुणं आपटावं तसे. गुलाबी सॅटिनचे, टोकाशी लाकडासारखे कडक बूट. परदेशातल्या मोठ्या बॅले कंपनीत वर्षानुवर्षं नायिका म्हणून नाचलेल्या या बाई आता कठड्याला धरून जिना उतरतात.

"अहो, फाटतील ना," मी म्हणाले.

"नवे बूट स्टेजवर वाजतात. नाचणारीचं पाऊल लोकांना ऐकू येता कामा नये."

"आणि पाय दुखला तर?"

"तेही ऐकू येऊ द्यायचं नाही," त्या सहज म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा बूट उचलला.

आपण खुर्चीत बसून 'काय हलकं नाचते' म्हणतो, ते हलकेपण असं आपटून आपटून येत असतं. टाळ्यांच्या इतक्या वर्षांत या बाईंचं काय काय कुणालाच ऐकू गेलं नसेल, हा विचार काही केल्या जाईना. लेक मात्र बुटांवर खूश होती.

परवा कणीक मळता मळता मी मागे वळले, तर ती दारात उभी होती, दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या बांधून. केव्हाची उभी होती कोण जाणे. मला काही ऐकूच आलं नव्हतं.