विमलबाईंचा डावा हात

विमलबाई नांदेडला माहेरी पेटी शिकल्या आणि लातूरच्या कन्याशाळेत तेवीस वर्षं त्यांनी ती वाजवली. प्रार्थना, निरोप समारंभ, पाहुणे आले तर स्वागतगीत. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. डाव्याला सूर ठाऊकच नव्हते. त्याच्याकडे वाऱ्याचं खातं.

भूकंपानंतर घरं बांधायला आलेली हॅना नावाची ऑस्ट्रियन इंजिनियर त्यांच्या वरच्या खोलीत राहिली. तिच्याकडे चेलो होता. म्हणजे सारंगीच्या घरातली भारदस्त आत्या. रोज संध्याकाळी ती दोनशे वर्षांपूर्वीचा, दोन वाद्यांसाठी रचलेला एक सोनाटा वाजवी, तोही अर्धाच; उरलेला अर्धा पियानोचा. लातुरात पियानो नव्हता. असलाच तर कुणी कबूल करत नव्हतं.

"पेटीवर साथ करू का?" बाईंनी विचारलं.

"साथ नाही," हॅना म्हणाली. "यात दोघी बरोबरीच्या."

जन्मभर साथच केलेल्या बाईंना हे लागलं. हॅना जायच्या आत एकदा तो पूर्ण वाजवायचा, असं त्यांनी ठरवलं. महिना उरला होता. सरगम वहीत उतरली. पेटीत न मावणारे सूर हॅनानं उचलून आत बसवले. पण पियानो दोन हातांचा. मग भाता कोण मारणार?

स्वयंपाकाच्या महानंदाला बसवलं. संथ भाग आला की ती दुप्पट जोर लावी.

"आवाज बारीक झाला की मला वाटतंय, विझायलंय," ती म्हणाली.

हे ऐकून बाईंचे यजमान, अवधूत सर, दारात थांबले. लातूरला डॉक्टर पिकवायचा हंगाम तेव्हा नुकता लागला होता आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सरांच्या केमिस्ट्रीच्या बॅचेस पहाटे पाचपासून चालत. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी लिंबाखाली बॅच घेतली होती. बायकोच्या कार्यक्रमाला मात्र कधी जमलं नव्हतं.

"मी मारतो," सर म्हणाले.

"तुम्हाला बॅच आहे."

"मधली दहा मिनिटं असतात."

त्या दहा-दहा मिनिटांत सर हळू मारायला शिकले. पूर्ण सोनाट्याला मात्र दहा मिनिटं पुरणार नव्हती. हॅनाच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी सहाची बॅच रद्द केली.

"सर, कोण वारलं का?" जळकोटच्या बसवंतनं हळूच विचारलं.

"नाही रे. मॅडम वाजवणार आहेत."

"मग तुम्हाला काय काम?"

"भाता."

पोरं घरी गेली नाहीत. शेडमध्ये चिडीचूप बसली.

भाता पेटीच्या मागे, त्यामुळे सर बाईंच्या समोर. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली. इतका वेळ समोरासमोर बसायचा प्रसंग आला नव्हता. चेलो एकटाच सुरू झाला. मग बाईंचे दोन्ही हात उतरले. डावा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा हॅनाला उत्तर देऊन मोकळा झाला. संथ भागात सरांनी भाता इतका हलका धरला, की जणू तान्ह्याला वारा घालताहेत.

शेवटचा सूर थांबला. हॅनानं गज खाली ठेवला. बाईंनी हात मांडीवर घेतले.

"अहो, संपलं," त्या म्हणाल्या.

"कळलं," सर म्हणाले, आणि भाता मारतच राहिले.