काचेचं कपाट आणि बापूंची पेटी

होमिओपॅथीच्या जुन्या वस्तू गोळा करायला निघालं की वस्तू एक मिळते आणि किस्से दहा. वस्तूंना कपाट लागतं, किस्से कुठेही मावतात. मला तर तेव्हा किश्शांचा रागच यायचा. मला वस्तू हव्या होत्या, आणि त्या सुद्धा आजच्या आज.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. मालवणात माझा दवाखाना. आमच्या जिल्ह्यात साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारी जुनी डॉक्टरमंडळी एकेक करून जात होती आणि त्यांच्या बाटल्या, पुस्तकं मागोमाग भंगारात. म्हणून वाचनालयाच्या एका खोलीत आम्ही संग्रह मांडायला घेतला. आम्ही म्हणजे मी, रिटायर्ड हेडमास्तर देसाई सर आणि ऐंशी ओलांडलेले डॉक्टर बापू. बापूंकडे त्यांच्या गुरूंची शिसवी पेटी होती, आत बाटल्यांचे बारीक बारीक कप्पे. ती घेऊन हा माणूस या वयातही एसटीने तारकर्लीला पेशंट बघायला जायचा. मला ती पेटी कपाटाच्या मधोमध हवी होती. बापूंचे हात थरथरायचे. उद्या एसटीत हातून निसटली म्हणजे? या धास्तीने माझा जीव नुसता खालीवर व्हायचा.

"बापू, पेटी कधी देताय?"

"दितंय गो. मी खंय पळान जातंय?"

*

सगळ्यात आधी आम्ही आरोंद्याला गेलो. तिथल्या एका जुन्या डॉक्टरांच्या बाटल्या त्यांच्या सुनेने जपून ठेवल्या होत्या. मी आधी फोन करून बजावलं होतं, कशाला हात लावू नका, आहे तसं राहू दे. लेबलं फार महत्त्वाची, कोणत्या काळात कुठलं औषध वापरायचे ते त्यावरून कळतं.

पोचलो तर अंगणात उन्हात बाटल्या ओळीने पालथ्या घातलेल्या, लख्ख. एकीवरही कागदाचा कपटा नाही.

"डॉक्टरीणबाय येतली आणि बाटल्ये असे मळके?" सून कौतुकाने म्हणाली. "राखाडीन घासलंय. सकाळपासून बसलंय."

मला रडू यायचं बाकी होतं. तिने सोलकढी दिली, ती मुकाट्याने प्यायले.

*

बाटल्यांपैकी तीन सुनेने आत गोळ्या होत्या म्हणून धुतल्या नव्हत्या, नुसतीच लेबलं खरवडली होती. देसाई सर शिस्तीचा माणूस. कपाटात नाव नसलेली वस्तू ठेवायची म्हणजे त्यांना मुळीच खपायचं नाही. त्यांनी बापूंना विचारलं, "यातलं औषध कुठलं, हे चवीवरून कळेल?"

बापूंनी एक गोळी जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मी वही उघडून तयार.

"कळला," बापू म्हणाले.

"काय?"

"साखर."

*

तळेऱ्याचा किस्सा माझ्या घाईचा आहे. देवगडकडच्या एका गृहस्थांनी वडिलांची जुनी पुस्तकं कोल्हापूरला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे पिशवीत घालून पाठवली. मी तळेऱ्याच्या नाक्यावर कधीची उभी. गाडी आली तशी चढले, सीटमागची पिशवी उचलली आणि उतरले. ड्रायव्हर मागून काहीतरी ओरडत होता, पण मी कसली थांबतेय.

मालवणात पिशवी उघडली. हापूस. पुस्तकं पुढे कोल्हापूरला गेली होती, ती यायला महिना लागला. आंबे कोणाचे ते कळलं नाही. बापूंनी एक हुंगला आणि म्हणाले, "ह्या औषध लागू पडतला."

*

खोलीत झुरळं झाली. सरांनी कोणाला न विचारता कपाटभर डांबरगोळ्या पेरल्या. आमच्या औषधांना उग्र वास वर्ज्य. आम्ही पेशंटला कापूर, कांदा, कॉफीपासून लांब राहा म्हणून सांगतो. बापू दारातच नाकाला धोतराचा सोगा लावून उभे राहिले.

"मास्तर, सगळी औषधां मेली."

सर म्हणाले, "अहो बापू, ही बघायची औषधं. कोण खाणार आहे?"

"कोण खाणा नाय म्हणान मारूची?"

 सगळ्या डांबरगोळ्या सरांनी स्वतः वेचून काढल्या. बापू त्या दिवशी पेटी छातीशी धरूनच घरी गेले. मी मात्र मनात चरफडत होते, की या डांबरगोळ्यांपायी पेटी आता आणखी लांबली.

*

पण मिळाली. तारकर्लीला एसटीतून उतरताना बापू पडले. पेटी वाचली, गुडघा नाही. मुलाने त्यांचं बाहेर फिरणं बंद केलं. मग एके सकाळी बापू रिक्षाने आले, पेटी सरांच्या हातात दिली आणि चहा न घेता गेले. आम्ही ती मधोमध मांडली, कुलूप लावलं. मला इतका आनंद झाला होता की त्यांच्या तोंडाकडे बघायचं सुद्धा सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात बापू माझ्या दवाखान्यात आले. नंबर लावून, पेशंटांच्या बाकावर बसून. आत बोलावलं तर म्हणाले, "झोप येणा नाय. छाती धडधडता."

आमच्याकडे एवढ्यावर औषध ठरत नाही. कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, सगळं विचारावं लागतं. हे विचारायला मला त्यांनीच शिकवलेलं.

"कधीपासून?"

"पेटी दिलंय, त्या दिसापासून."

मी लिहून घेतलं. "कशाने वाढतं?"

"रिकाम्या हातान बसलंय की."

"आणि कशाने कमी होतं?"

बापू मांडीवरचे हात बघत बसले.

मी त्यांना तिथेच बसवलं, बाहेरच्या पेशंटांना थांबायला सांगितलं आणि तडक वाचनालय गाठलं. देसाई सरांकडे कपाटाची चावी मागितली. सर हवालदिलच झाले.

"अहो, उद्या कणकवलीहून माणसं खास बघायला येतायत. मधली पेटी कुठे म्हणून विचारलं, तर काय सांगू?"

"सांगा, व्हिजिटला गेलीय."