डॉक्टर नवराबायकोचे चिंचोके

मी काही इंजिनीअर नव्हे हो. दिलसुखनगरात गल्लोगल्ली कम्प्युटरचे क्लास निघाले, तेव्हा धाकट्या दिराची पुस्तकं वाचून वाचून शिकले आणि आबिड्सच्या एका छोट्या कंपनीत टायपिंगला लागले. मग एका पॅथॉलॉजी लॅबच्या प्रोग्रामचा आराखडा साहेबांनी मलाच करायला दिला. म्हणाले, "पास झाला तर डिझाइनच्या टेबलावर बसा. नाहीतर टायपिंग आहेच."

लॅब गौलीगुड्यात, एका डॉक्टर नवराबायकोची. प्रोग्राम कसा हवा विचारलं, तर दोघं एका सुरात, "फास्ट हवा, पक्का हवा, सोपा हवा. सगळंच महत्त्वाचं." आता यावर काय बांधायचं? सून शोधतानाही लोक असंच बोलतात. खरं काय हवंय ते लग्नानंतर कळतं.

म्हणून आराखडा तपासायला साहेब आणि मी लॅबवर गेलो, त्या दिवशी मी घरून चिंचोके नेले. आमच्या हैदराबादेत चिंचेवाचून डाळ होत नाही, त्यामुळे चिंचोक्यांना काय तोटा! टेबलावर तीन कप मांडले. एक वेगाचा, एक खात्रीचा, एक सोपेपणाचा. दोघांना मूठमूठ चिंचोके दिले. म्हटलं, जे जास्त हवं त्यात जास्त टाका, संपले की संपले.

"अम्मा, ये क्या खेल लगाए?" डॉक्टर हसले. पण टाकले. सगळेच्या सगळे वेगात. बाईंनी सगळे खात्रीत.

"पेशंटों की लाइन कौन सँभालता? मैं!" डॉक्टर म्हणाले.

"हौ, और करंट जाके रिपोर्ट उड़ गई तो पेशंट को दुबारा सुई कौन लगाता? मैं!"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. कारण माझा आराखडा वेगाचा. दिवसभराचे रिपोर्ट मेमरीत ठेवायचे आणि संध्याकाळी एकदम डिस्कवर उतरवायचे. नमुन्याचा प्रोग्राम समोरच चालू होता, चार रिपोर्ट भरलेले. बाई उठल्या आणि सरळ प्लग उपटला. परत लावला. प्रोग्राम सुरू झाला, पण रिपोर्ट एकही नाही.

गेलं माझं टेबल, असं वाटलं. पण हे तोंड कुठे गप्प बसतंय! म्हटलं, "हर रिपोर्ट तभी के तभी डिस्क पे उतारती. मगर थोड़ा रुकना पड़ता."

"कितना?"

"पेशंट बाही नीचे करते तक."

डॉक्टरांनी आपली स्वतःची बाही वर केली, खाली केली. मग वेगाच्या कपातून अर्धे चिंचोके काढून बायकोच्या कपात टाकले. "लेव. इतना चलता."

बाईंनी त्यातले दोन परत केले. "रख लेव, नक्को रोव."

परतताना रिक्षात साहेब म्हणाले, "वेग आणि खात्री एकमेकांना कुठे अडतात, ते कागदावर मलाही दिसलं नव्हतं. दुरुस्त करा तेवढं. आणि टायपिंगला कशाला बसता आता, डिझाइनच्या टेबलावरच करा."

मी पिशवीत परत भरलेले चिंचोके चाचपून पाहिले. फेकले मात्र नाहीत.