एका शब्दाचं काम

"आडनाव सांग."

सांगितलं.

"रामोशी व्हय रं तू?"

"व्हय."

"मग कोर्टाची वाट काय तुला दावाय लागत न्हाई."

साताऱ्यात, नाक्यावर, भर दुपारी चारचौघांत हवालदार असं बोलला आणि हसला. गर्दीतली चार माणसं हसली. मालकाचं पोरगंही हसलं. ते मला जास्त लागलं.

पोरगं सतरा वर्षांचं. पाचगणीच्या बोर्डिंगात शिकणारं. बाप मिरजेत मोठा डॉक्टर, आणि मी त्या डॉक्टरांचा ड्रायव्हर. सुट्टी लागली म्हणून पोराला आणायला गेलो होतो. घाट उतरून वाईत आलो तसं त्यानं मला स्टेअरिंगवरून उठवलं. "ए, तू तिकडं बस." मी नको म्हटलं. "पप्पांना सांगू का, तू उलटं बोलतोस म्हणून?" बसलो बाजूला. दुसरं काय करणार? नोकरी त्याच्या बापाची, गाडी त्याच्या बापाची.

साताऱ्याच्या नाक्यावर त्यानं गाडी चुकीच्या बाजूनं भरधाव घातली आणि एका दूधवाल्याची सायकल उडवली. माणूस वाचला, त्याचं नशीब. किटल्या उताण्या, रस्ताभर दूध. मी त्या माणसाला उठवायला खाली उतरलो. तेवढ्यात हे पोरगं माझ्या रिकाम्या जागेवर सरकून बसलं. हवालदार आला तर काचेतून माझ्याकडं बोट. "ह्यानं ठोकली."

"आवं साहेब, गाडी मी..."

तिथंच त्यानं आडनाव विचारलं. आडनाव ऐकलं आणि त्याची चौकशी संपली. लायसन काढून घेतलं, हातात मेमो ठेवला. त्या कागदावर गाडी मी चालवत होतो.

आता हे लायसन म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या घरातला फोटो लावलेला पहिला सरकारी कागद. त्याच्या आधी आमची नावं सरकारदरबारी होती, ती चावडीवर आणि पोलिसात. गावाची राखण आमच्याकडं, आणि गावात चोरी झाली की पहिलं धरायचं तेही आम्हालाच. वा रे न्याय! माझा बाप तरणा होता तवा रोज रात्री चावडीवर हजेरी द्यायचा. नाव पुकारलं की म्हणायचं, "हजर." अंगात ताप असू दे, घरात मढं असू दे, हजर. चुकला की सकाळी फटके. पुढं आमच्या अख्ख्या जातीला जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा गेला, हजेरी गेली. बाप मात्र अजून दिवस मावळला की उंबऱ्याबाहेर पाय टाकत नव्हता.

मिरजेत डॉक्टरांनी मला बंगल्याच्या व्हरांड्यात उभं केलं. आवाज चढवला नाही. शिकलेली माणसं चढवत नाहीत.

"एका शब्दाचं काम आहे. नाव पुकारतील, तू कबूल म्हणायचं आणि यायचं. दंड मी भरतो."

"साहेब, पर गाडी म्या चालवत नव्हतो."

"ते मला माहीत आहे."

माहीत आहे! बाईसाहेब आतून म्हणाल्या, "अरे, त्याचं पुढचं सगळं शिक्षण राहिलंय. आत्तापासून नावाला डाग कशाला? आणि तुम्हा लोकांना कोर्ट काय नवीन आहे?"

डाग पोराला नको. मला चालतो. मुळात काळ्या कापडावर डाग दिसतो कुठं, असा त्यांचा हिशेब.

एस.टी.नं साताऱ्याला गेलो. खिडकीवरच्या कारकुनानं मेमो बघितला. "ठाण्यावरून प्रकरण अजून आलं नाही. पुढच्या आठवड्यात बघा." पुढच्या आठवड्यात गेलो. व्हरांड्यातल्या फळ्यावर यादी डकवली होती. बोट फिरवत माझं नाव शोधलं. वर ट्रकवाले, खाली रिक्षावाले, टेम्पोवाले. सगळे आमच्यासारखे. बंगलेवाला एकही नाही. बंगलेवाल्यांच्या हातून गाडी कधी घसरतच नसेल!

त्या दिवशी बाप बरोबर होता. आमचं गाव कोरेगावच्या बाजूला. त्याला कुठून तरी कळलं आणि तो स्टँडवर येऊन थांबला होता. कोर्टाची पायरी काही चढला नाही. बाहेर लिंबाखाली बसला. म्हणाला, "लेकरा, कबूल म्हन. आपल्यात कबूल म्हनलं की मार कमी बसतो."

"आबा, हितं मारत न्हाईत."

"तुला काय ठावं?"

आत गाडीवाल्यांची रांग. शिपायानं आधीच पढवलं होतं, "हात जोडायचं, कबूल म्हणायचं, खाली उतरायचं. भाषान करायचं न्हाई." एकेक जण पुढं जायचा. कबूल. पुढचा. कबूल. माझ्या पुढचा रिक्षावाला तर विचारायच्या आतच म्हणाला. डॉक्टरांचे वकील मागच्या बाकावर घड्याळ बघत बसले होते.

शिपाई दारात गेला आणि पुकारा केला. माझं नाव. मग बापाचं नाव. मग आडनाव.

"हजर!"

आवाज बाहेरून आला. लिंबाखालून. बाप उठून उभा राहिला होता. मुंडासं काढून काखेत, हात जोडलेले, मान खाली. चावडीवर उभा राहायचा तसा. त्याचं नाव कानावर पडलं आणि साठीचा म्हातारा पुन्हा तरणा आरोपी झाला.

शिपाई म्हणाला, "आवं म्हातारं, तुमाला न्हाई. तुमच्या पोराला बोलावलंय."

सगळी रांग हसली. रिक्षावाले हसले, ट्रकवाले हसले, वकील हसले. आपलीच माणसं, तीही हसली. बाप तसाच उभा. बसू का नको, त्याला कळेना. इतका राग मला त्या पोराचाही आला नव्हता.

"गुन्हा कबूल आहे का?" न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं.

"न्हाई."

मान वर आली.

"गाडी मी चालवत नव्हतो. मालकाचा मुलगा चालवत होता."

हसणं थांबलं. मागून वकील दातओठ खात पुटपुटले, "गाढवा." न्यायाधीशांनी माझ्याकडं नीट बघितलं. विचारलं, "वकील दिलाय?" म्हटलं, न्हाई. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. पायऱ्या उतरताना गाडीवाले बाजूला सरकले. रिक्षावाला तेवढा बोलला, "गड्या, कशाला मोठ्यांच्या नादाला लागलास?" आणि तोही निघून गेला.

बापानं मुंडासं पुन्हा बांधलं. एवढंच म्हणाला, "आता रोज बोलावतील तुला." आणि कोरेगावच्या गाडीत चढला. खिडकीतून हातसुद्धा केला नाही. मी मिरजेला पोचलो तर माझी पत्र्याची पेटी गेटाबाहेर ठेवलेली. वर चपला. दार कुणी उघडलं नाही. रात्रभर स्टेशनात पेटीवर बसून होतो. एवढं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, रडलो.

नंतर तारखा पडत गेल्या. मी जायचो, एकटाच. दुसऱ्यांच्या विटा वाहून भाड्याचे पैसे जमवायचो. हवालदार साक्षीला आलाच नाही. शेवटी मला सोडून दिलं, लायसन परत मिळालं. पण बाप तोवर गेला होता. आणि गाडी खरी कोण चालवत होतं, ते कुणी कुठं लिहिलं नाही. ते पोरगं आता मिरजेतच डॉक्टर आहे. बोर्डावर नाव सोनेरी.

माझ्या बापाचं नाव रोज रात्री पुकारलं. त्यानं हजर म्हटलं. तू गुन्हा केलास का, असं त्याला जन्मात कुणी विचारलं नाही. मला विचारलं. भले मान खाली घालून विचारलं असेल, पण विचारलं. मग मी त्यांच्या सोयीचा शब्द का देऊ?

आता माझं पोरगं गाडी शिकतंय. त्याला ब्रेक, क्लच दाखवायच्या आधी हे सांगितलं. आपलं नाव कुणीही, कुठंही पुकारू दे, ताठ उभं राहायचं. आणि केलं नसेल ते कबूल करायचं नाही. नोकरी जाऊ दे, पेटी बाहेर पडू दे. बाप जरी हात जोडून सांगायला आला, मी आलो, तरी नाही.

गाडी मी चालवत नव्हतो.