मसालेभात आणि कोरी लॉग फाइल

जेवायला बोलावलेल्या माणसाचं नाव खाली वॉचमनला सांगून ठेवायचं, हा आमच्या बिबवेवाडीतल्या सोसायटीचा नियम. तो कमिटीत भांडून मीच मंजूर करून घेतला होता, आणि त्या रविवारी मीच विसरलो. मसालेभात निवत राहिला, पाहुणा काही आला नाही. "तुमच्या ऑफिसात वेळ पाळायची पद्धत नसावी," बायको म्हणाली.

सोमवारी त्याला विचारलं. अमरावतीकडचा, आमच्या ऑफिसात कंत्राटावर घेतलेला प्रोग्रॅमर, अबोल माणूस.

"आलो होतो ना भाऊ. वॉचमन म्हणे, नाव नाही. मग गेलो वापस."

"अहो, मग फोन करायचा."

"म्हटलं, तुम्ही कामात असाल."

आदल्या महिन्यात हाच माझ्या स्कूटरवर मागे बसून आला, तेव्हा त्याच वॉचमनने सलाम ठोकला होता.

त्याच आठवड्यात परदेशातल्या क्लायंटच्या काही ऑर्डरी हरवल्या. त्या पुढे पाठवणारी वेब सर्व्हिस याने लिहिलेली. "मी पाठवल्या होत्या," तो म्हणाला. "लॉग दाखवा," साहेब म्हणाले. लॉग म्हणजे प्रोग्रॅमने काय काय केलं, ते तो स्वतःच लिहून ठेवतो ती फाइल. ती कोरी निघाली. याचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं, आणि वाढवायचं की नाही ते आता त्या कोऱ्या फाइलीवर ठरणार होतं.

मी खोदत बसलो. ऑर्डर पाठवायचं काम क्लायंटच्या खात्याने, त्याच्या परवानगीने व्हायचं. लॉग लिहिण्यात वेळ जातो म्हणून तेवढं काम मागे एका वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे मुख्य कामाला न थांबवता बाजूने चालणाऱ्या धाग्यावर, सोपवलेलं. त्या थ्रेडबरोबर क्लायंटचं नाव जातच नव्हतं. तो सर्व्हरच्या साध्या खात्याने एकटाच लॉगच्या फोल्डरशी जायचा, नकार मिळाला की मुकाट परत फिरायचा. तक्रार नाही, काही नाही. आमच्या मशीनवर आम्ही सगळेच अ‍ॅडमिन, म्हणजे सगळी दारं उघडी, त्यामुळे तिथे कधी अडलंच नव्हतं. मला रविवारचा मसालेभात आठवला.

त्या साध्या खात्याला फोल्डरची परवानगी दिली. फाइल भराभर भरू लागली. मी जवळजवळ धावतच साहेबांकडे गेलो.

"आता लिहितोय, ते दिसतंय," ते म्हणाले. "त्या दिवशी पाठवल्या होत्या, ते कुठे दिसतंय?"

कुठेच नव्हतं. जे लिहिलंच गेलं नाही, ते आणणार कुठून? क्लायंटला कुणाचं तरी नाव सांगायचं होतं, आणि कंत्राटावरच्या माणसाचं नाव सांगणं सगळ्यांना सोपं गेलं.

"जाऊ द्या भाऊ," ड्रॉवर रिकामा करताना तोच मला म्हणाला. "आता आमच्या अमरावतीकडेही इंटरनेट आलं आहे."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, थ्रेडसकट. तिने कणीक मळायला घेतली.

"शनिवारची गाडी ना त्यांची? डबा देते, स्टेशनवर नेऊन द्या," ती म्हणाली. "आणि अहो, निदान प्लॅटफॉर्म तिकीट काढायला विसरू नका."