डेलच्या गिटारखालच्या सळया

रिटायर होऊन चार महिने झाले होते आणि मला घरात बसवत नव्हतं. तीस वर्षं मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये गाड्यांच्या गिअरचे सुटे भाग डिझाइन केले. आता सकाळी उठायचं, गराजमधली नीट लावलेली हत्यारं काढायची आणि पुन्हा लावायची, असं चाललं होतं. त्यामुळे पेडल स्टील गिटारच्या एका ऑनलाइन ग्रुपवर केंटकीतल्या जोआन नावाच्या बाईंची पोस्ट वाचली, तेव्हा फार विचार केला नाही. त्यांचे वडील व्हर्नन नव्वदीला टेकलेले. हे वाद्य विकत मिळणं मुश्कील होतं, त्या काळात ते घरी बनवणाऱ्यांपैकी एक. पुढच्या आठवड्यात घर रिकामं करून ते वृद्धाश्रमात जाणार होते. त्यांच्या आठवणी ऐकायला कुणी येईल का, असं जोआनने विचारलं होतं.

मी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघाले. "एवढा ड्राइव्ह, एकटी?" नवऱ्याने, सुहासने, एवढंच विचारलं आणि थर्मास भरून दिला.

नागपूरला शाळेत असताना मी मामाकडे हवाईयन गिटार शिकले होते. ती आडवी ठेवायची आणि तारांवरून बार (पोलादाची गुळगुळीत कांडी) फिरवायचा. आपली मींड त्यावर छान निघते, पण बार सरकला की खालच्या सगळ्या तारांचा सूर एकदमच चढतो. पेडल स्टीलची गंमत अशी की पायाने पेडल दाबलं की खालची सळई एखादीच तार ओढते. तिचा सूर चढतो, बाकीच्या जागच्या जागी राहतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सुरापेक्षा त्या सळयांचंच कुतूहल वाटलं होतं.

टोलिडो गेलं, डेटन गेलं. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, तीच ती. मी रेडिओ लावायची, बंद करायची. गरज नसताना दोनदा थांबले. सिनसिनाटीला नदी ओलांडल्यावर मात्र रस्ता चढ-उतारांचा झाला आणि टेकड्या सुरू झाल्या. दुपारी एका छोट्या हॉटेलात राजमा समजून जे मागवलं त्यात डुकराचं मांस निघालं. वाढणारी बाई मलाच सॉरी म्हणाली आणि ताट बदलून कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा रवाळ पाव) आणि लोणी ठेवून गेली. तेवढ्यावर भागवलं.

पुढे जीपीएसने भलत्याच रस्त्याला नेलं. वळवताना गाडीचं मागचं चाक चरात गेलं. पिकअपमधून चाललेल्या एका शेतकऱ्याने दोर लावून ती ओढून काढली. व्हर्ननकडे निघालेय म्हटल्यावर तो म्हणाला की त्यांचा भाऊ मोठा वाजवणारा होता, पण त्याचं नाव त्या घरात काढू नका.

घरात जिकडे तिकडे खोकी होती. व्हर्ननकाका (मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणायला लागले होते) खिडकीशी बसले होते. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, आवाज मात्र खणखणीत. ते आणि थोरला भाऊ डेल गाड्या दुरुस्तीच्या गराजमध्ये कामाला होते. डेल शनिवारी नाचाच्या कार्यक्रमात वाजवायचा. पेडलवाल्या गिटारची कीर्ती कानावर आली, पण ती मिळणार कुठून? मग भंगारातल्या ट्रकच्या सळया कापून, वाकवून, काकांनी त्याच्या गिटारला तीन पेडलं बसवून दिली. लोक नाचायचे थांबून ऐकत उभे राहायचे, म्हणाले. वर्षभरात नॅशव्हिलच्या एका गायकाने डेलला नेलं. पुढे कुणीतरी येऊन सांगितलं, डेलने ते सगळं भंगार काढून कारखान्यातली यंत्रणा बसवून घेतली आणि वर हसला. तेव्हापासून काका त्याच्याशी बोलले नाहीत. डेल वारला, त्याच्या बायकोने गिटार पाठवली. तिची पेटी वीस वर्षं न उघडता कपडे धुण्याच्या खोलीत पडून होती.

"एका म्युझियमला देऊन टाकणार आहोत," जोआन म्हणाली.

मला राहवलं नाही. खालून एकदा बघू का, असं विचारलं. काकांनी खिडकीबाहेर पाहत हात हलवला, म्हणजे काय ते मला कळलं नाही. जोआनने पेटी उघडली. आम्ही गिटार पायांवर उभी केली आणि मी टॉर्च घेऊन खाली आडवी झाले.

कारखान्याचा एकही भाग तिथे नव्हता. सळयांवर कानशीच्या खुणा होत्या, बोल्ट ट्रकचे होते, आणि प्रत्येक सांधा वर्षानुवर्षांच्या वापराने झिजून चकचकीत झाला होता. मी दिसेल ते मोठ्याने सांगत गेले.

काकांनी खिडकीकडची मान वळवली. मग म्हणाले, "टोकं कुठल्या बाजूला वळवलीत?"

"डावीकडे. सगळी."

"मी डावखुरा आहे."

"एक सळई मात्र नंतरची आहे," मी म्हटलं. "वळवणाऱ्याला ते जमत नव्हतं, हातोड्याचे घाव दिसतात. पण वळवलीय डावीकडेच."

"डेल उजव्या हाताचा होता," ते म्हणाले.

मी बाहेर आले तेव्हा जोआन तोंड फिरवून उभी होती. काकांनी खुर्ची जवळ ओढायला लावली. तारा बेसूर होत्या, पण मी मामांनी शिकवल्यासारखा बार धरून एक तार छेडली आणि त्यांनी पेडलवर पाऊल ठेवलं. सूर कण्हत वर चढला आणि थांबला. दुसऱ्यांदा पाय ठेवायच्या ऐवजी त्यांनी मला विचारलं, "त्याची दोन पत्रं आली होती. मी न फोडता जाळली. त्यात हेच असेल का?"

मी बार तारांवरून उचलून बाजूला ठेवला. जोआनने कॉफी आणली.

दुसऱ्या दिवशी मोटेलमधून निघाले ती सरळ घरी आले. सुहासला सगळं सांगितलं. "मग छानच झालं की," तो म्हणाला. झालं खरं. पण मी आयुष्यभर यंत्रं उघडून बघितली. दहा मिनिटांत दिसेल अशी गोष्ट वीस वर्षं भिंतीपलीकडे पडून राहते, हे मला काही केल्या पचत नव्हतं. रात्री जेवताना दोनदा उठले.

परवा जोआनचा फोन आला. नव्या खोलीत एकच मोठी वस्तू मावेल असं तिथल्यांनी सांगितलं, तेव्हा काकांनी आरामखुर्ची सोडली आणि गिटार नेली. येणाऱ्या प्रत्येकाला ते वाकून खाली बघायला लावतात आणि सांगतात, सळया मी केल्यात, एक माझ्या भावाने केलीय.