गोरे केलेले फोटो

शहापुरात माझ्या ओळखीच्या एकाचं फ्लेक्सचं दुकान आहे. माझ्या दुकानातल्या साड्यांच्या सेलचा फ्लेक्स छापायला मी तिथं जातो. वाढदिवसाचा असो की मयताचा, फोटोतला माणूस गोरा करायची त्याला भारी हौस. सुईनं नशा करणारं पोरगं मेलं की घरचे हळू आवाजात सांगतात, "हार्ट अटॅक लिहा." तो लिहितो आणि मला म्हणतो, "आप्पा, आमच्याकडच्या पोरांची काळजं लई नाजूक. विशीतच बंद पडत्यात."

गेल्या वर्षी त्याचा भाचाच गेला. वडगावात यंत्रमागाच्या बंद शेडमध्ये चौघांनी सुया टोचून घेतल्या. भाच्याचा श्वास अडकला, तसे बाकीचे तिघे पोलिसांच्या भीतीनं पळाले. दवाखाना पलीकडच्याच गल्लीत होता.

मयताच्या फ्लेक्सवर खाली शोकाकुल मित्रांचे फोटो लावायची आमच्याकडे पद्धत. तेच तिघे आपले गॉगलवाले फोटो घेऊन दुकानात हजर. त्यानं फोटो घेतले, नेहमीसारखे गोरे केले. फ्लेक्स चौकात लागला तेव्हा 'हार्ट अटॅक'च्या जागी 'नशेची सुई' होती, आणि फोटोंखाली 'शोकाकुल'च्या जागी 'टाकून पळालेले'. बहिणीनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

परवा त्या तिघांतला एकजण सुई घेऊन बेशुद्ध पडला. या वेळी उरलेल्या दोघांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये धरून दवाखान्यात नेलं. वाचला.

मी हे सांगितलं तेव्हा त्यानं कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही.

"बघा आप्पा," तो म्हणाला, "फोटो तयार हुता माझ्याकडं. गोरा बी केलता."